मातीचा बांध आणि पाण्याची वाट

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. गावच्या वेशीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते रंगवलेले असते. ते खरेही आहे. आपल्या बीड जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बेताबेताने पडत नाही. महिना-महिना आभाळ कोरडे राहते, आणि मग एखाद्या रात्री ओढे-नाले दुथडी वाहतात. बालाघाटच्या माथ्यावरचे पाणी दोन-चार तासांत खाली निघून जाते. ज्याने ते अडवले त्याची विहीर चैत्रात भरलेली. ज्याने अडवले नाही त्याच्या दारी टँकर. तेव्हा अडवण्या-जिरवण्याविषयी माझे काही वेगळे म्हणणे नाही. मला त्या वाक्याला फक्त एक तुकडा जोडायचा आहे. पाणी अडवा, पाणी जिरवा, आणि जे अडवता येणार नाही त्याला नीट वाट द्या. आजचे माझे सगळे बोलणे ह्या शेवटच्या तुकड्याबद्दल आहे.

१९७२ सालच्या दुष्काळात माझी आई आमच्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर जात असे. मातीची पाटी डोक्यावर, जेवायला लाल मिलोची भाकरी आणि वाटपातली सुकडी. “तुमचा तलाव आम्ही डोक्यावर वाहून आणलाय,” असे ती आम्हा भावंडांना सांगत असे. त्याच तलावात पुढे मी पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. पोळ्याला बैल तिथेच धुतले जात, गणपती तिथेच बोळवले जात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्ख्या आळीची पोरे दुपारभर तिथेच पडलेली असत. खेड्यातल्या माणसाला बाग नाही, चौपाटी नाही. त्याची करमणूक म्हणजे तळ्याचा काठ. आजसुद्धा पालीजवळचे बिंदुसरेचे धरण भरून चादरीवरून पाणी पडू लागले की बीड शहरातली माणसे लेकराबाळांना घेऊन ते पाहायला निघतात. वर्षभर घागरीने मोजलेले पाणी असे सांडताना पाहण्यात एक सुख आहे, आणि ते दुष्काळी मुलखातल्या माणसालाच कळते.

मागच्या पिढीतले तलाव गावाचे किंवा सरकारचे होते. आता पुष्कळ ठिकाणी पाण्याला खाजगी मालक आला आहे. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि माळामाळावर चौकोनी तळी दिसू लागली. काही हिंमतवान शेतकऱ्यांनी तर स्वतःच्या रानातल्या ओघळीवर, पदरचे पैसे घालून, मातीचे बांधच घातले. ह्या उद्यमाचे मला कौतुक आहे. पण एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. अशा तळ्याचा मालक एकटा असतो, आणि बांधाच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे अनेक असतात.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव-गाव सांगत नाही, कारण तो भला माणूस आहे आणि त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. बी. ए. झाल्यावर तो नोकरीच्या मागे लागला नाही. बालाघाटच्या उतारावर त्याने सीताफळाची बाग लावली आणि ओघळीवर मातीचा बांध घातला. बांध असेल पंधरा-सोळा फूट उंच आणि शंभर-सव्वाशे पावले लांब. मागे छान पाणी तुंबले. मग त्याने काठावर सावलीसाठी पत्र्याचे छप्पर टाकले, पिंपांचा तराफा केला, झोपाळे बांधले. हिवाळ्यात शहरातली कुटुंबे त्याच्याकडे हुरडा खायला येऊ लागली. ज्वारीच्या कणसापेक्षा हुरड्याच्या पंगतीतून त्याला अधिक पैसा मिळू लागला. एका मे महिन्यात तो मला ते सारे दाखवायला घेऊन गेला.

बांधावरून चालताना मला चार गोष्टी दिसल्या. पहिली, सांडव्यावर दगड आणि वाळूची पोती रचून त्याने त्याची उंची हातभर वाढवली होती. मी विचारले, “अरे, हे कशाला?” तो म्हणाला, “सर, हातभर पाणी वाढलं की उन्हाळ्यात बागेला दोन पाणी जादा मिळत्यात.” दुसरी, सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी गज रोवून त्याला नायलॉनची जाळी बांधली होती. तळ्यात रोहू-कटला सोडले होते, ते पुरात निघून जाऊ नयेत म्हणून. तिसरी, पाहुण्यांच्या गाड्या पलीकडे नेण्यासाठी बांधाच्या माथ्यावरून रस्ता केला होता, आणि चाकोऱ्यांनी तो माथा मध्यभागी दबला होता. चौथी, बांधाच्या बाहेरच्या उतारावर दोन बाभळी चांगल्या मांडीएवढ्या झाल्या होत्या.

आणि खाली ओघळीच्या काठाने बारा-पंधरा घरांची वस्ती होती. ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरे. दसरा झाला की तरणी माणसे कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मागे उरतात म्हातारी माणसे व शाळेची पोरे.

चहा घेताना मी त्याला एक गोष्ट सांगितली. तीच आपल्याला सांगतो. गोष्ट अमेरिकेतली आणि सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पण तिच्यातला बांध मातीचा होता, मालक खाजगी होते, आणि तळे करमणुकीचे होते. म्हणून ती आपल्या कामाची आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाच्या गावाजवळ एक मातीचे धरण होते. उंची ७२ फूट, लांबी नऊशे फुटांच्या वर. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी ते सरकारने बांधले. पुढे रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, आणि धरण एका हातातून दुसऱ्या हातात विकले गेले. मधल्या एका मालकाने धरणाच्या तळाशी असलेले लोखंडी नळ काढून मोडीत विकले. १८७९ साली ते एका क्लबाच्या मालकीचे झाले. पिट्सबर्गचे मोठमोठे कारखानदार त्याचे सभासद होते. अँड्र्यू कार्नेगी हे त्यांतले एक. उन्हाळ्यात मासेमारीला, नौकाविहाराला आणि थंड हवेला ही मंडळी तिथे येत. क्लबाने धरणाची डागडुजी केली, पण ती वरवरची. तळाचे नळ पुन्हा बसवले नाहीत. त्यामुळे गरज पडली तर तळे रिकामे करण्याचा उपायच राहिला नाही. घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फूट खाली घेतला. विकत आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

धरणापासून चौदा मैलांवर, खाली दरीत, जॉन्स्टाउन नावाचे कामगारांचे शहर होते. तिथल्या पोलादाच्या कारखान्याने १८८० साली आपला इंजिनियर धरण पाहायला पाठवला. त्याने स्पष्ट लिहिले की तळाला पाणी सोडण्याची सोय नाही आणि दुरुस्ती नीट झालेली नाही. क्लबाकडून उत्तर आले, काळजीचे कारण नाही.

३० मे १८८९ च्या रात्री त्या भागात विलक्षण पाऊस झाला. सकाळी तळे तासातासाला चढू लागले. सांडव्याच्या जाळ्यांत झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, ओंडके अडकले आणि पाण्याची वाट तुंबली. क्लबाच्या माणसांनी टिकाव-फावडी घेऊन दुसरा चर खणायचा प्रयत्न केला, जाळ्या मोकळ्या करायचा प्रयत्न केला. खालच्या शहराला तारेने सूचना गेल्या. पण ‘धरण फुटणार’ ही आवई तिथे दरवर्षीच उठे, म्हणून फारशी कुणी ती मनावर घेतली नाही. मध्यावर दबलेल्या माथ्यावरून पाणी वाहू लागले आणि दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. तासाभरात पाणी जॉन्स्टाउनला पोचले. २,२०९ माणसे गेली. कित्येक घरांत दिवा लावायलाही कुणी उरले नाही.

त्यानंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, पण क्लबाला कुणी जबाबदार ठरवू शकले नाही. सभासदांपैकी काहींनी मदतनिधीला पैसे दिले. ज्यांची माणसे गेली त्यांच्या पदरी तेवढेच.

माझा विद्यार्थी गप्प बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, जाळी तर आमच्याकडं पण हाय.”

आता मातीचा बांध फुटतो कसा, हे थोडे समजून घेऊ. हे ज्ञान फक्त इंजिनियरचे नाही. ज्याच्या रानात बांध आहे त्या प्रत्येकाचे आहे.

मातीचा बांध हा आपल्या वजनावर उभा असतो. आत चिकण काळ्या मातीचा गाभा, तो पाणी रोखतो. दोन्ही बाजूंना मुरमाचे जाड कवच, ते गाभ्याला आधार देते. पाण्याकडच्या अंगाला दगडाचे अस्तर, म्हणजे लाटांनी माती निसटत नाही. पायात खोल चर घेऊन तोही चिकणमातीने भरलेला असतो, म्हणजे पाणी बुडाखालून वाट काढत नाही. थरावर थर पाणी मारून दाबला असेल तर असा बांध शेकडो वर्षे टिकतो. पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे माथ्यावरून पाणी जाणे. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर भिंत बहुधा टिकते. मातीच्या बांधावरून गेले तर ते बाहेरच्या उताराची माती ओरबाडत खाली येते. आधी बोटभर ओघळ, मग हातभर घळ, आणि मग सगळाच बांध. म्हणून सांडवा असतो. सांडवा हा बांधाचा प्राण आहे. तो भरावावर नसावा, बाजूच्या टणक मुरमात किंवा खडकात कापलेला असावा. आणि मोठ्यात मोठा पूर त्याच्यावरून जात असतानाही बांधाचा माथा पाण्याच्या वर दोन हात तरी उरला पाहिजे. हे दोन हात मोकळे दिसतात, म्हणून माणसाला मोह होतो. तेवढे वाया गेले असे त्याला वाटते. पण ती जागा रिकामी नसते. येणाऱ्या पुरासाठी राखून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पोटातून पाणी झिरपणे. प्रत्येक मातीचा बांध थोडा झिरपतोच. खालच्या अंगाला स्वच्छ, नितळ पाणी निघत असेल तर बहुधा घाबरण्याचे कारण नाही; फक्त ते वाढते आहे का ह्यावर नजर ठेवावी. परंतु तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर समजावे की पाणी एकटे येत नाही, बांधाची माती बरोबर घेऊन येत आहे. आत बीळ पडत आहे. घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, आणि झाडांची मुळे ह्यांनी ह्या कामाला वाट मिळते. झाड तोडले तरी मूळ आत कुजते आणि तिथे पोकळी राहते. म्हणून झाड लहान असतानाच उपटावे, आणि मोठे झाले असेल तर जाणत्याला विचारून मुळासकट काढून जागा नीट ठोकून भरावी. बांधावर गवत असावे, झाड नसावे. आपल्या काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव असा की ती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाआधी त्या भेगा पाहिल्या पाहिजेत.

ही भीती दूरदेशीची नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटले, आणि खालच्या भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. धरणाला गळती आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. जॉन्स्टाउन आणि तिवरे ह्यांत सव्वाशे वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर. पण दोन्हीकडे कुणीतरी आधी पाहिले होते, कुणीतरी आधी सांगितले होते.

आता कुणी म्हणेल, मग खाजगी माणसाने तळे बांधूच नये काय? तसे मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात ह्याच्या उलट दाखला आहे. पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या भागांत, कोहळी समाजातल्या जाणत्यांनी आणि मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव आजही आहेत. त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांतला नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधला. डोंगरांच्या मधली खिंड त्यांनी बांधाने अडवली. आज लोक तिथे सहलीला जातात, पक्षी पाहतात, आणि भोवतीचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तलावाच्या काठी कोलासुराचे ठाणे आहे. ज्याने तलाव बांधला त्या पाटलालाच लोकांनी देव केले. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. ज्या तलावाच्या काठी देव बसवला, त्याच्याकडे गावाचे वर्षातून एकदा तरी जाणे होते, आणि जाणाऱ्याची नजर बांधावरून फिरते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांची निगा सुटली, गाळ साचला. म्हणजे तलाव सरकारचा की खाजगी, एवढ्यावर त्याचे आयुष्य ठरत नाही. त्याच्याकडे दरवर्षी कोण पाहतो, ह्यावर ते ठरते.

कायद्याचीही बाजू थोडक्यात सांगतो. देशात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. पण तो मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना काही अटींवर. तुमच्या-आमच्या रानातला पंधरा-सोळा फुटी बांध त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे तिथे पाहणीला अधिकारी येईल ह्याची वाट पाहू नये. मात्र जबाबदारी सुटत नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने तळे बांधले. १८६० साली त्याचे पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की जो आपल्या जमिनीत अशी धोक्याची वस्तू साठवतो, ती सुटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई त्यानेच केली पाहिजे. मी निष्काळजी नव्हतो हे सांगून भागत नाही. आपल्या न्यायालयांनीही हे तत्त्व मानलेले आहे. आपले म्हातारे हेच चार शब्दांत सांगत: ज्याचे पाणी, त्याची राखण.

आता धोक्याची दुसरी बाजू. ती अधिक जवळची आणि अधिक दुःखाची आहे. बांध फुटणे क्वचित घडते. पण शेततळ्यात पोर बुडाल्याची बातमी जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात कुठून ना कुठून येते. जुन्या तलावाचा काठ पसरट होता. पाऊल टाकत टाकत आत जाता येई आणि तसेच बाहेर येता येई. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याचे तसे नाही. त्याचा काठ उभा आणि प्लॅस्टिक शेवाळून बुळबुळीत. आत घसरलेला पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. मग घागर भरायला गेलेली मुलगी कशी चढेल? आणि एकाला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात ती अशी.

उपाय फार खर्चाचा नाही. चारही कोपऱ्यांना पक्का खुंट रोवून त्याला गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा. एका बाजूला जुन्या टायरांची साखळी शिडीसारखी सोडावी. काठावर हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण लावलेले रिकामे कॅन टांगून ठेवावेत. भोवती कुंपण आणि त्याला फाटक असावे. आणि पोरांना एक वाक्य शिकवावे: बुडणाऱ्याला हात देऊ नका, दोर द्या. दोर नसेल तर लुगडे, धोतर, काठी, काहीही द्या. पण स्वतः उतरू नका, आणि मोठ्यांदा ओरडून माणसे बोलवा.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक वेगळी विनंती आहे. गावचा बांध हा तुमच्या शाळेचा फळाच आहे, असे समजा. गणिताच्या तासाला विचारा: तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या शेततळ्यात पाणी किती? हिशेब येतो २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ बावीस लाख लिटर. घनमीटरला एक टन धरले तर २,१९६ टन. उसाची गाडी दहा टनांची मानली तर दोनशे वीस गाड्या पाणी. ऊसतोडीच्या पोराला हा आकडा लगेच कळेल. मग त्याला विचारा, ह्या दोनशे वीस गाड्या एकदम उतारावरून सुटल्या तर?

विज्ञानाच्या तासाला पंधरा-वीस मीटरची पारदर्शक नळी घ्या. तीत पाणी भरा, चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी ठळक दिसते, आणि हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. नळीची दोन टोके दोन खुणांच्या काठ्यांना लावा. पाणी आपली पातळी दोन्हीकडे सारखी ठेवते, एवढ्या एका नियमावर तुम्हाला सांडव्याचा उंबरठा आणि बांधाचा माथा ह्यांतले अंतर ठिकठिकाणी मोजता येईल. मृगाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा मोजून शाळेच्या वहीत लिहून ठेवा. मात्र सांडवा वाहत असताना मुलांना तिकडे नेऊ नका. पाच वर्षांत ती वही गावाच्या मोलाची होईल, कारण बांध कुठे खचतो आहे हे तिच्यात दिसेल.

असेच नळीने आम्ही माझ्या त्या विद्यार्थ्याचा बांध मोजला. मध्यावर माथा जवळजवळ हातभर दबलेला निघाला. म्हणजे सांडवा हातभर वर आणि माथा हातभर खाली. पुरासाठी राखलेले अंतर दोन्हीकडून खाल्ले गेले होते. त्याने आकडे पाहिले आणि तो बराच वेळ खालच्या वस्तीकडे बघत राहिला. त्याची आई जवळच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, त्या घरातली बाया-माणसं ह्या बांधाच्या मातीला आली होती. आता त्यांच्याच उरावर पाणी घालायचं का?”

त्याच आठवड्यात पोती निघाली, दगड निघाले, गज आणि जाळीही निघाली. जलसंधारण खात्यातल्या जाणत्या माणसाला बोलावून त्याने सांडवा रुंद करून घेतला. माथ्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि गाड्यांचा रस्ता वळवला. मासे काही पुरात गेले. उन्हाळ्यात बागेला दोन पाणी कमी पडले. हे नुकसान खरे आहे, आणि ते त्याने सोसले.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर कसा पाऊस कोसळला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रानेच्या राने खरवडून गेली. त्या पावसात एका पहाटे मी त्याला फोन केला. तो बॅटरी घेऊन बांधावरच उभा होता. सांडव्यावरून कमरेएवढे पाणी जात होते, माथा कोरडा होता, आणि वस्तीतली माणसे त्याने रात्रीच शाळेत नेऊन बसवली होती. “बांध टिकेल असं वाटतंय, सर,” तो म्हणाला, “पण वाटण्यावर ठेवलं नाही.” बांध टिकला. सकाळी माणसे आपापल्या घरी गेली आणि चुली पेटल्या.

श्रोतेहो, ह्याची बातमी कुठे आली नाही. यायचे कारणही नाही. पण येत्या मृगाआधी आपापल्या बांधावर एक फेरी मारा. सांडवा मोकळा आहे ना, माथा सारखा आहे ना, झिरपा नितळ आहे ना, शेततळ्याला दोर आहे ना, एवढे पाहा. आणि जाताना खालच्या वस्तीतला एखादा माणूस बरोबर घ्या. त्यालाही बांध पाहू द्या. त्याचे घर खाली आहे, त्याची नजर तुमच्यापेक्षा बारीक असेल.